आलेखातून चित्र : समीकरणांची होडी, मागावरचं कापड आणि आपलं अक्षर



दहावीच्या वर्गात आलेखाचा प्रश्न कसा सुटतो ते आपल्याला पाठ आहे. दोन समीकरणं, दोन कोष्टकं, प्रत्येकात तीन-चार बिंदू, पट्टी ठेवून दोन रेघा, छेदनबिंदूभोवती छोटा गोल आणि खाली उत्तर. आलेखाचा कागद पुरवणीला बांधला की विषय संपला. "ही रेघ म्हणजे काय रे?" असं विचारलं तर मुलगा सांगतो, "सर, उत्तर काढायची रेघ." तो चुकीचं बोलत नाही. पण त्या रेघेवरचा प्रत्येक बिंदू समीकरणाचं म्हणणं खरं करतो आणि रेघेबाहेरचा एकही करत नाही, ही खरी गंमत त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

ती पोचवायचा मला सापडलेला सगळ्यात सरळ उपाय म्हणजे प्रश्न उलटा करणं. समीकरण देऊन आलेख मागायचा नाही. चित्र द्यायचं आणि समीकरणं मागायची. या लेखात तेच सविस्तर सांगतो. कागद-पेन्सिलीवर करता येईल असंच सांगतो, कारण मोबाइल प्रत्येक घरात असला तरी तो संध्याकाळी वडील कामावरून आल्यावरच हातात येतो.

आमचं खारबाव दिवा-वसई मार्गावरचं. जवळच खाडी, भोवती भातशेती, आणि भिवंडीकडे जावं तसे यंत्रमाग आणि गोदामं. म्हणून पहिलं चित्र मी खाडीतल्या शिडाच्या होडीचं घेतो. तुमच्या गावात खाडी नसेल तर देऊळ घ्या, बैलगाडी घ्या. फक्त पहिल्या चित्रात एक वक्र, दोन-तीन तिरक्या रेघा आणि एक उभी रेघ हवीच. उभी रेघ का, ते पुढे येईल.

आधी कागद. आलेखाचा कागद आडवा धरायचा. एक सेंटिमीटर म्हणजे एक एकक. आरंभबिंदू सवयीने मधोमध घेऊ नका, उजव्या कडेपासून पाच-सहा सेंटिमीटर आत आणि खालच्या कडेपासून पाचेक सेंटिमीटर वर घ्या, कारण आपलं बरंचसं चित्र डावीकडे पसरणार आहे. आरंभबिंदू कुठे ठेवायचा हे आपण ठरवतो, हे पुष्कळ मुलांना इथे पहिल्यांदा कळतं. तोवर त्यांच्या लेखी तो पुस्तकवाल्यांनी ठरवून दिलेला असतो. आडवा अक्ष क्ष, उभा अक्ष य.

आता होडीचं बूड. ते वाकडं आहे, म्हणून रेषीय समीकरण चालणार नाही. इथे क्ष² लागतो.

य = क्ष²/८ − २, अट : क्ष −४ पासून ४ पर्यंत.

मुलांना कोष्टक करायला सांगा. क्ष = −४ ला य = ०, −२ ला −१.५, ० ला −२, २ ला −१.५ आणि ४ ला पुन्हा ०. पाच बिंदू मिळाले. आता वर्गातून एक चक्कर मारा. निम्म्या मुलांनी हे पाच बिंदू पट्टीने जोडलेले दिसतील, कारण आलेख म्हटलं की पट्टी, ही सवय आपणच लावली आहे. ओरडू नका. एवढंच विचारा, "क्ष = १ असेल तेव्हा य किती?" समीकरण सांगतं −१.८७५. पट्टीच्या रेघेवर बघा, तिथे −१.७५ येतं. कागदावर फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा आहे, पण टोकदार पेन्सिलीला तो दिसतो. समीकरण एक सांगतंय आणि पट्टी दुसरंच. मग कोणाचं ऐकायचं? पोरं स्वतःच पट्टी बाजूला ठेवतात. या वक्राला अन्वस्त म्हणतात हे नाव त्यानंतर सांगावं, आधी नको.

"अट" या शब्दाशी थोडं थांबा. अट काढून टाकली तर हा वक्र दोन्ही बाजूंनी आभाळाकडे निघून जातो, होडीचा वाडगा होतो. समीकरण स्वतःहून कुठेच थांबत नाही, आपण त्याला थांबवायचं. चित्र काढण्याचं निम्मं कौशल्य समीकरणात आहे आणि निम्मं अटीत. परीक्षेच्या आलेखात अट कधी लागतच नाही, त्यामुळे हा भाग मुलांना नवा असतो आणि आवडतोही.

बुडावर झाकण म्हणून य = ०, क्ष −४ ते ४. आडवी रेघ सोपी.

मग डोलकाठी, (०, ०) पासून (०, ६) पर्यंत. इथे हुशार मुलं अडतात, बाकीची अडत नाहीत, हे मी दर वर्षी बघतो. हुशार मुलाला य = मक्ष + क हे रूप पाठ असतं, तो चढ काढायला बसतो. चढ म्हणजे ६ वजा ०, भागिले ० वजा ०. छेदात शून्य आला की तो खोडरबर शोधतो. शेजारी बसलेली, गणितात मागे म्हणून ओळखली जाणारी मुलगी सरळ लिहिते, क्ष = ०, य ० ते ६. तिने रेघेकडे बघितलं, त्याने सूत्राकडे. उभ्या रेषेला चढ नसतो हे वाक्य पुस्तकात आहेच, पण डोलकाठी उभी करताना ते जितकं पटतं तितकं वाचून पटत नाही. उभी रेघ हवीच असं वर म्हटलं ते यासाठी.

आता शीड, आणि इथेच या सगळ्या खटाटोपाचं चीज होतं. शिडाची वरची कड डोलकाठीच्या टोकापासून, म्हणजे (०, ६) पासून, उजवीकडे उतरते. समीकरण द्या : य = ६ − क्ष. खालची कड (०, १) पासून थोडी चढत जाते : य = १ + क्ष/४. दोन्ही कडा क्ष = ० पासून सुरू होतात. पण संपतात कुठे? अट काय लिहायची? आपण सांगायचं नाही. मुलं आधी अंदाजाने थांबतात. कोणाचं शीड टोकाला उघडं राहतं, कोणाच्या रेघा एकमेकींना ओलांडून कात्रीसारख्या दिसतात. मग कोणीतरी म्हणतं, "सर, जिथे भेटतात तिथे थांबवायचं." बरं, कुठे भेटतात? ६ − क्ष = १ + क्ष/४. म्हणजे ५ = ५क्ष/४, म्हणजे क्ष = ४, य = २. अट मिळाली : क्ष ० ते ४.

ही दहावीच्या पहिल्या प्रकरणातली एकसामयिक समीकरणं आहेत, दुसरं काही नाही. पण एरवी (४, २) हे उत्तर असतं आणि चौकटीत लिहून मूल पुढच्या गणिताकडे जातं. इथे (४, २) हे शिडाचं टोक आहे. ते चुकलं तर शीड फाटकं दिसतं आणि ते दिसायला सरांची लाल शाई लागत नाही. चूक आपणहून दिसते. या पद्धतीवर मी वेळ घालवतो याचं मुख्य कारण हेच.

पाण्याची पातळी य = −१ घ्या. होडी पाण्यात थोडी बुडलेली हवी, आणि पाण्याची रेघ होडीच्या पोटातून जायला नको, होडीला लागून थांबायला हवी. पुन्हा तोच प्रश्न, कुठे थांबायचं? क्ष²/८ − २ = −१, म्हणून क्ष² = ८, क्ष = ±√८. साधारण २.८३. करणी संख्येने पहिल्यांदाच काही काम केलं! "एवढा मोठा दशांश कशाला, २.८ चालेल का?" असं विचारलंच जातं. कागदावर चालेल म्हणून सांगा, चिठ्ठीत मात्र √८ च लिहायचं. चिठ्ठीची गोष्ट पुढे येतेय.

राहिला सूर्य. संध्याकाळ आहे, खाडी वसईकडे पश्चिमेला समुद्राला मिळते, आणि नकाशात पश्चिम डावीकडे. म्हणून अर्धा बुडालेला सूर्य डाव्या बाजूला. वर्तुळाचं समीकरण अकरावीत येतं हे खरं, पण दहावीच्या अंतराच्या सूत्रात ते दडलेलंच आहे : केंद्रापासून ज्या बिंदूंचं अंतर ५ ते सगळे बिंदू. केंद्र (−१०, −१) घेतलं तर

(क्ष + १०)² + (य + १)² = २५, अट : य −१ किंवा जास्त.

त्रिज्या ५ मुद्दाम घेतली आहे. ३, ४, ५ हे पायथागोरसचं त्रिकूट असल्यामुळे वर्गमूळ न काढता सात बिंदू मिळतात : (−१५, −१), (−१४, २), (−१३, ३), (−१०, ४), (−७, ३), (−६, २), (−५, −१). एवढ्यावर हाताने छान अर्धगोल येतो. त्रिज्या ४ घेतलीत तर अर्धा तास दशांशात जाईल, सांगून ठेवतो.

इथे हमखास येणारी शंका : "सर, सूर्य डावीकडे आहे तर वजा दहा पाहिजे ना? अधिक कसं?" नियम सांगू नका. विचारा, "कंस शून्य कधी होतो?" क्ष = −१० ला. "मग वर्तुळाचं मधलं ठिकाण कुठे?" तिथेच. मुलाने हे एकदा स्वतः म्हटलं की अकरावीत त्याला चिन्हांची भीती राहत नाही.

आभाळात बगळे हवे असतील तर नववीत वास्तव संख्यांसोबत शिकलेलं केवलमूल्य वापरा : य = ७ + |क्ष + ५|/२, क्ष −६ ते −४. पंख उचललेला एक बगळा झाला. ५ च्या जागी ८ आणि ७ च्या जागी ८ लिहा, अट −९ ते −७ करा, दुसरा बगळा झाला. आकडे बदलले की पक्षी उडून दुसरीकडे जाऊन बसतो. सातवी-आठवीच्या मुलांनासुद्धा हे खेळून बघायला आवडतं.

आता चिठ्ठी. चित्र काढून झालं की काम अर्धंच झालं समजा. प्रत्येक मुलाने घरी स्वतःचं चित्र रचायचं, दहा ओळींच्या आत, आणि वर्गात आणायची ती फक्त समीकरणं आणि अटी लिहिलेली चिठ्ठी. चित्र घरीच ठेवायचं. चिठ्ठी शेजाऱ्याला द्यायची, शेजाऱ्याने काहीही न विचारता चित्र काढायचं. मग ताडून बघायचं. झोपडीचं छप्पर जमिनीत घुसलेलं निघालं की दोघं भांडतात : तू चुकीचं लिहिलंस, नाही तू चुकीचं काढलंस. आणि निकाल लावायला त्यांना पुन्हा कोष्टकच मांडावं लागतं. एरवी कोष्टक मांडायला किती मागे लागावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे! चिठ्ठीवर कोणी √८ ऐवजी २.८ लिहिलं असेल तर पाण्याची रेघ होडीच्या जराशी आत शिरते, तेही इथेच पकडलं जातं.

गुण देत असाल तर एक विनंती. चित्र सुंदर आहे म्हणून गुण देऊ नका. चिठ्ठीवरून दुसऱ्याला तेच चित्र काढता आलं का, एवढंच बघा. नाहीतर चित्रकलेचं बक्षीस मिळवणारी तीच चार मुलं गणितातही पुढे येतात आणि बाकीची पुन्हा मागच्या बाकावर जातात.

मोबाइलवर करायचं असेल तर जिओजेब्रा आणि डेस्मॉस ही दोन्ही साधनं मोफत आहेत. जिओजेब्रा फोनवर एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं. डेस्मॉसमध्ये समीकरणापुढे महिरपी कंसात अट लिहिली की रेघ तिथे कापली जाते. पालकांना एक सांगतो. नेटवर 'समीकरणाचं हृदय' म्हणून एक आकृती खूप फिरते : (क्ष² + य² − १)³ = क्ष²य³. मूल ते उतरवून टाकतं, पडद्यावर हृदय उमटतं, घरात सगळे वाहवा करतात, आणि मूल काहीच शिकलेलं नसतं. त्याला फोन खाली ठेवायला सांगा आणि विचारा, "यात (१, १) टाकून बघ." डावीकडे १ + १ − १ चा घन, म्हणजे १. उजवीकडेही १. बसलं. (१, ०), (०, १), (०, −१), (−१, ०), (−१, १) हेही बसतात. हे सहा बिंदू कागदावर मांडा : वर दोन खांदे, मध्ये खाच, खाली टोक. हृदय कुठून आलं ते आता दिसायला लागतं. फोन वाईट नाही, पण तो हाताच्या मागून यावा.

एवढं सगळं मी रेघांबद्दल बोललो. चौकटीच्या कागदावर चित्र काढायची दुसरी एक रीत मात्र आमच्या तालुक्यात शाळेबाहेर रोज चालते. भिवंडीत पुष्कळ मुलांच्या घरचं कोणी ना कोणी यंत्रमागावर असतं. कापडाची वीण कागदावर मांडायची पद्धत आलेखाच्या कागदासारखीच आहे. उभा रकाना म्हणजे एक ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे एक बाण्याचा धागा. ताणा वर असेल तिथे चौकट भरायची, खाली असेल तिथे कोरी ठेवायची. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास झाकारने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर मागाला हीच माहिती दिली, त्यालाच आपण जॅकार्ड म्हणतो.

आता रकान्याला क्ष आणि ओळीला य म्हणा. दोन्ही पूर्ण संख्या. साध्या विणीचा नियम : क्ष + य सम असेल तर चौकट भरा. बुद्धिबळाचा पट तयार होतो. भिवंडीत निघणारं बरंचसं ग्रे कापड हेच. ट्विलचा नियम : क्ष − य ला ३ ने नि:शेष भाग जात असेल तर भरा. पायऱ्या पायऱ्यांची तिरकी रेघ उजवीकडे चढत जाते. जीन्सची पँट डोळ्यांजवळ धरा, ती तिरकी रेघ दिसेल. वजाच्या जागी अधिक लिहा, रेघ उलट्या बाजूला झुकते. कापड उलटं केलं की भरलेल्या चौकटी कोऱ्या आणि कोऱ्या भरलेल्या होतात.

सॅटिनची तर फारच मजा आहे. पाच रकाने, पाच ओळी, दोन्हींचे क्रमांक ० ते ४. रकान्याच्या क्रमांकाची दुप्पट करायची, ५ ने भागून बाकी काढायची, तितक्याव्या ओळीतली चौकट भरायची : ०, २, ४, १, ३. भरलेल्या कोणत्याही दोन चौकटी एकमेकींना कोपऱ्यालासुद्धा चिकटत नाहीत, म्हणून कापडावर तिरकी रेघ न उठता गुळगुळीत चमक येते. दुपटीऐवजी १ ने गुणा, तेच ट्विल होऊन जातं. आता मुलांना सांगा, सहा रकान्यांचं सॅटिन करून दाखवा. २ ने गुणलं तर ०, २, ४, ०, २, ४ येतं आणि तीन ओळी कोऱ्याच राहतात, म्हणजे तिथला बाण्याचा धागा ताण्यात गुंततच नाही. ३ ने तसंच, ४ नेही तसंच. १ आणि ५ ने गुणलं की ट्विल. म्हणजे सहाचं नियमित सॅटिन होतच नाही! कारण गुणणारा आकडा आणि ६ यांचा मसावि १ असावा लागतो आणि असे आकडे १ आणि ५ हे दोनच. मसावि शिकून चार वर्षं झालेल्या मुलाला तो इथे पुन्हा भेटतो.

ही गोष्ट मी पालकांसाठी मुद्दाम लिहितोय. "आम्हाला गणित येत नाही, मुलाला काय सांगणार?" असं मागावर काम करणारे वडील पालकसभेत म्हणतात. ट्विल कसा दिसतो, धागा कुठे सुटला की कापडात काय दोष येतो, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. ते आणि पोरगं एका कागदावर बसले की कोण कोणाला शिकवतंय ते सांगता येत नाही.

दोऱ्यावरून आणखी एक. दोन अक्षांवर १ ते १० खुणा करा. आडव्या अक्षावरचा १ उभ्या अक्षावरच्या १० ला जोडा, २ ला ९, ३ ला ८, असं करत १० ला १. दहाही रेघा सरळ, पट्टीने मारलेल्या. तरी कागदावर एक सुरेख वक्र उभा राहतो. पुठ्ठ्याला भोकं पाडून रंगीत दोऱ्याने केलंत तर पाचवीतलं मूलही करतं. तो वक्र अन्वस्ताचाच तुकडा आहे, आपल्या होडीच्या बुडाचा चुलतभाऊ. दोन सरळ बाजू ठरवून त्यांच्या कुशीत वक्र बसवायची ही युक्ती गाड्यांचे पत्रे रेखाटताना कामी आली. फ्रान्सच्या रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांच्या नावाने असे वक्र ओळखले जातात.

आणि तेच वक्र आपल्या लिपीत आहेत. ट्रूटाइप पद्धतीच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची कड सरळ रेघा आणि अन्वस्ताचे तुकडे जोडून बनते. विंडोजवर मराठी टाइप करताना जो 'मंगल' फाँट दिसतो तो रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रचला. ते सुलेखनकार, कवी, आणि आयआयटी मुंबईत शिकवणारे. शाळेची मराठी परिपत्रकं आपण ज्या अक्षरांत वाचतो त्यांच्या पोटातसुद्धा बुडाखालची ती क्ष²-वाली होडीच आहे, हे मुलांना सांगा आणि त्यांचे चेहरे बघा.

म्हणून शेवटचा स्वाध्याय अक्षरांचा ठेवा. 'ठ' पासून सुरुवात करा, तो सगळ्यात सरळ. शिरोरेघ : य = ५, क्ष −३ ते ३. मान : क्ष = ०, य ४ ते ५. पोट : क्ष² + (य − २)² = ४. झाला ठ. आता त्याच पोटाला एक अट लावा, "क्ष शून्य किंवा कमी, किंवा य दोन किंवा कमी". उजवीकडचा वरचा पाव भाग गळून पडतो आणि ठ चा ट होतो. त्या अटीत मधला "किंवा" फार महत्त्वाचा आहे. तिथे "आणि" लिहून काय होतं ते मुलांनाच करू द्या. 'ढ' मात्र सुरुवातीला देऊ नका, त्याच्या आतल्या वळणाला बरीच डोकेफोड लागते. ज्याला आपण वर्गात ढ म्हणतो ते अक्षर सोडवणं सगळ्यात अवघड आहे, याची पोरांनी खूप मजा घेतली.

आमच्या वर्गाने सध्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरचं 'खारबाव' घेतलंय. 'व' ला उभा दंड क्ष = ०, य ० ते ५, आणि डावीकडे चिकटलेला गोल (क्ष + २)² + (य − २)² = ४. दंडाला तो खरंच एकाच बिंदूत टेकतो का? क्ष = ० ठेवा, (य − २)² = ० येतं, दोन्ही मुळं समान, फक्त य = २. वर्गसमीकरणाच्या प्रकरणातलं "विवेचक शून्य" म्हणजे दिसायला हे असं. 'ब' म्हणजे 'व' च्या पोटात एक तिरकी रेघ : य = −क्ष, आणि तिची अट क्ष = −२ − √२ पासून −२ + √२ पर्यंत. दोन्ही काने एकाच समीकरणाचे, आकडा तेवढा वेगळा. अक्षर पाच एककं उजवीकडे सरकवायचं तर क्ष च्या जागी क्ष − ५. 'र' चं शेपूट दोघी-तिघींनी दोन वेगवेगळ्या अन्वस्तांनी जमवलंय. 'ख' अजून कोणाचा झालेला नाही. र आणि व एकमेकांना नेमके कुठे टेकवायचे, यावर शनिवारी दोन बाकांत वाद झाला, आणि छेदनबिंदू काढायला दोन्ही बाकांनी नवीन कागद मागून घेतले.